मूठमूठ कापसाची अनामत

जयवंताबाईनं टेबलावर गाठोडं सोडलं. आत चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर, मंडल परिषदेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची अनामत. अर्ज घ्यायची वेळ तीनला संपत होती. तलमडुगूच्या मंडल कचेरीत पावणेतीन झाले होते.

समोर नागोराव खुर्ची अडवून बसले होते. मोठ्या पक्षाचे उमेदवार. सकाळीच तीन जीपा घेऊन, वाजतगाजत अर्ज भरून झाला होता, तरी ते हलले नव्हते. ही बाई किती पाण्यात आहे ते त्यांना पाहायचं होतं.

"हे पैसे कोनी देल्ले?"

"गावच्या बायांनी. घरोघर मूठमूठ कापूस जमा केला अन् इकला."

"माह्या इरोधात? कोनाची हिंमत झाली?"

"पयली मूठ तुमच्या आईनं टाकली."

दारात दाटलेल्या बाया फिसकन हसल्या. नागोरावांना असं उत्तर दहा वर्षांत कोणी दिलं नव्हतं. कधीचंच द्यायला हवं होतं.

निवडणूक अधिकारी वरंगलकडचे, आठ दिवसांपूर्वीच आलेले. भला माणूस. म्हणाले, "अम्मा, ही नुसती अनामत. पुढं पत्रकं, जीप, भोंगा, सगळं लागतंय."

"सरकार अपक्षाले काई देते का, साहेब?"

"काही नाही. मतदारयादीसुद्धा विकत घ्यायची."

"मंग बायाच देतीन. अजून कापसाची एक येचनी बाकी हाय."

नागोराव पुढं झुकले. आवाज एकदम मऊ झाला. "पान्यासाठीच चाललं ना हे? दुसरा बोअर मी मारून देतो. चूपचाप घरी जाय."

"पयला सरकारी बोअर तुमच्याच वावरात गेला. बाया अजून नाल्यावर जाऊन राह्यल्या."

"लोक हासतीन तुले."

"हासू द्या. तुमाले कोनी हासलं नाई, मून तर हे दिवस आले."

तिनं चुरगळलेल्या नोटा सरळ करून साहेबांपुढं सरकवल्या.

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून साहेब स्वतःच भराभर अर्ज भरू लागले. नाव, वय, गाव. सगळं तिनं खणखणीत सांगितलं.

"पतीचं नाव?"

पदर कपाळापर्यंत ओढून जयवंताबाईनं मान खाली घातली. दारातल्या बायांनीही तोंडं मिटून घेतली.

"लवकर, अम्मा. हा रकाना रिकामा राहिला तर अर्ज बाद होईल. दोनच मिनिटं उरली."

साहेबांची नजर कागदावरच होती. घाईघाईत त्यांनी पेन टेकवलं. "नवरा नाही का? बरं, विधवा लिहितो."

नागोराव ताडकन उठले. "विधवा काऊन लिवता? मी जिता हाय ना अजून! लिवा, नागोराव."