पांढऱ्या पुडीचं घर

पारा, मीठ आणि लाल माती भट्टीवर तापवली की वर पालथ्या घातलेल्या मडक्यात पांढरीशुभ्र पूड धरते. इसे प्रांतातली ही पूड गालांना फासून देशभरच्या बायका गोऱ्या होत.

भट्टीवाल्यांच्या घरी लग्न होऊन आलेली ओनुई पहिल्याच सकाळी रिवाजाप्रमाणे दात काळे करायला बसली.

"ठेव ते. आपल्यात कुणी करत नाही," तोंडाला बाही लावून सासूबाई म्हणाल्या.

"पण सासूबाई, लग्न झालेल्या बाईचे दात पांढरे? लोक काय म्हणतील?"

"या धुरात दोन वर्षं कळ काढ. प्रश्नच मिटेल."

सासूबाईंनी बाही खाली घेतली. आत एकही दात नव्हता.

"बोळक्यानं फुंकर नीट बसत नाही गं," ओनुईच्या हाती फुंकणी देत त्या म्हणाल्या. "म्हणून तर सून आणली."