सैल हात

काचेच्या पेटीतली हवा काढली तसा हातमोजा टम्म फुगला. केयाने दात आवळून बोटं वाकवली, नट उचलला, फिरवला, खाली ठेवला.

"परफेक्ट!" ती म्हणाली.

नीलांबरीबाईंनी मोजा उतरवला आणि तिचं मधलं बोट दिव्याखाली धरलं. नखाखाली निळा डाग उमटला होता.

"हे काय?"

"दॅट्स नथिंग, मावशी. सगळ्यांनाच होतं."

"वर अंतराळात सात-सात तास मूठ उघडमीट करायचीय. नख हातात येईल."

केयाने हात मागे ओढला. सोमवारी हेच मोजे घालून पाण्याच्या टाकीत तिची चाचणी होती. "मला मोजा बसत नाही असं लिहिलंत ना, तर ते दुसऱ्या कुणाला पाठवतील. प्लीज, डोन्ट राइट इट."

श्रूजबरीजवळच्या या कारखान्यात नीलांबरीबाई एकतीस वर्षं अंतराळवीरांचे मोजे शिवत होत्या. आधी हाताचा साचा, मग त्यावर मोजा. केयाचा साचा त्यांनीच घेतला होता. तेव्हाचा तो हात त्यांना आठवला. बोटं आखडलेली, जणू परीक्षेलाच बसलेली. आणि त्या दिवशी त्या घाईत होत्या.

त्यांनी तिचा हात पुन्हा आपल्याकडे घेतला. अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, एकेक पेर चोळलं. त्यांची आई सासवडला दारोदार बांगड्या भरायची, ती आधी मुलींचे हात असेच दाबायची. आणि दाबताना काहीबाही विचारत राहायची.

"शाळेत कुणाला मारलंस का गं कधी?"

"व्हॉट? नो!" मग तिला हसू आलं. "विक्रमला. लंचबॉक्सने. ही टोटली डिझर्व्ड इट."

"लागलं का त्याला?"

"खूप रडला. मग मीपण रडले."

बोटं सैल पडली होती. नीलांबरीबाईंनी टेप लावली. मधलं बोट साच्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब भरलं.

"रविवारपर्यंत टोक उसवून परत शिवते," म्हणत त्यांनी फॉर्म पुढे ओढला. केयाने डोळे मिटून घेतले. पेनचा आवाज थांबल्यावर तिने वाकून वाचलं. 'साचा घेताना चूक.' खाली 'चूक कोणाची' या रकान्यात नीलांबरीबाईंचं नाव. एकतीस वर्षांत ते त्या रकान्यात पहिल्यांदाच आलं होतं.

"पण मावशी, हात तर मी टाइट धरला होता!"

"बांगडी भरताना पिचली," नीलांबरीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तर चूक कासाराची असते. हाताची नसते."