पाच तासांची पदवी

ग्रामपंचायतीच्या खोलीत प्राजक्ताच्या डोक्यावरचा ज्ञान भरणारा टोप उतरवला, तेव्हा अख्खं वनस्पतिशास्त्र तिच्या डोक्यात उतरलं होतं. सकाळी नऊला बारावी पास असलेली ही मुलगी दुपारी दोनला पदवीधर झाली होती.

निर्मलाताईंनी तिला पाणी दिलं. माणदेशात गावोगाव फिरून मुलींना कॉलेजात धाडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. हे टोप प्रत्येक गावात फुकट मिळावेत म्हणून मंत्रालयात खेटे घातले होते तेही त्यांनीच.

"ताई, मला पुण्याला जायचंय," प्राजक्ता हळूच म्हणाली. "होस्टेलात जागा मिळेल?"

"होस्टेल मार्चातच बंद झालं गं. कुणी येईनासंच झालं."

दारात उभे असलेले तिचे वडील समाधानाने म्हणाले, "आता कशाला पुणं? पदवी गावातच मिळाली की. रविवारी पाहुणे येतायत हिला बघायला."

अशा बापांपुढे इतकी वर्षं निर्मलाताईंचा एकच मुद्दा चालायचा, की पोरगी शिकायला जातेय. तो आता उरला नव्हता.

प्राजक्ता त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती. बाहेर अजून अकरा मुली ताटकळल्या होत्या. शेवटी ताईंनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.