खिडकीसमोरचा तुकडा

"उभी राहून बोल. बसून बोललेलं कुणी मनावर घेत नाही. माझ्या खिडकीचं तेवढं विचार." निघताना सासूबाईंनी बजावलं होतं.

शाळेच्या सभागृहात भाजीवाली अजून बसूनच होती. टेबलावर चौकाचा पुठ्ठ्याचा नमुना मांडला होता. नव्या बाजाराचा आराखडा करणाऱ्या बाईंनी त्यावर एक पांढरं छप्पर अलगद ठेवलं. लोक पुढे सरसावले. फुलवाली म्हणाली, आता दुपारी फुलं माना टाकणार नाहीत. चौकात खुर्ची टाकून बसणाऱ्या न्हाव्याला वेगळीच चिंता, एवढ्या सावलीत गिऱ्हाईक झोपलं तर उठवायचं कुणी? सगळे हसले. भाजीवालीही हसली. पालेभाजीवर पाणी मारून मारून तिचे हात सोलवटले होते. ते छप्पर तिलाही हवंच होतं.

कुणाची काही हरकत, असं बाईंनी विचारलं. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि ती उभी राहिली.

छप्पर चांगलंच आहे, ती म्हणाली. पण सासूबाई पडल्या, त्याला वर्षं झाली. तेव्हापासून त्या जिना उतरलेल्या नाहीत. माडीच्या खिडकीतून दिसतो तेवढा चौक, तेच त्यांचं जग. एखाद्यानं दुकान उघडलं नाही, तर पहिली चौकशी त्याच करतात.

बाईंनी नमुन्यातली ती खिडकी शोधली. गुडघे टेकून खाली बसल्या, डोळा खिडकीच्या रेषेत आणला. बराच वेळ तशाच राहिल्या.

"नुसतं छप्परच दिसतंय," त्या म्हणाल्या.

छपराचा खिडकीसमोरचा तुकडा उघडा ठेवता येईल, पण त्याखाली बसणाऱ्याला ऊन-पाऊस चुकणार नाही. तिथं कोण बसतं?

"मीच."

न्हाव्याचं हसू गेलं.

"वहिनी, बारा वाजायच्या आत भाजी सुकेल. मग खायचं काय?"

"बघेन काहीतरी. पण त्यांच्या कानावर घालू नका. कळलं, तर त्या खिडकीच लावून घेतील."

न्हाव्यानं मान खाजवली. त्याच्या खुर्चीशेजारी एक बाकडं असे. त्यावर गिऱ्हाइकं कमी आणि गप्पा मारायला आलेलेच जास्त. तेच त्याचं वैभव. छपराखालचीच जागा ती. बाकडं काढतो, तिथं भाजी मांडा, असं तो म्हणाला, तेव्हा फुलवाली पुटपुटली, बाकड्यावाचून हा दोन दिवस तरी जगेल का? कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुपारी मोजमापाची माणसं येतील आणि ज्याचं जे जिथं मांडलेलं असेल, तिथंच त्याची जागा आखली जाईल, एवढं सांगून बाईंनी सभा आटोपली.

चौकात परतल्यावर न्हाव्यानं बाकड्यावरच्या दोघा म्हाताऱ्यांना उठवलं. ते कुरकुरले. त्यानं बाकडं उचलून डोक्यावर घेतलं.

वरून हाक आली, "बाकडं कुठं नेतोस रे?"

त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"ढेकूण झालेत, मावशी," तो म्हणाला, आणि भर उन्हात घराकडे चालू लागला.