हलक्या पुल्या

बाबांनी त्यांच्या स्पोर्ट्स कारसाठी हौसेने मागवलेल्या हलक्या पुल्या अकरा महिने खोक्यातच पडून होत्या. आज सकाळी त्यांनी ते खोकं आपणहून उघडलं, तेव्हा मला हायसं वाटलं. या पुल्या बसवल्या की इंजिनावरचा भार कमी होतो आणि गाडी सुसाट पळते, असं ते मला समजावत होते. आई गेल्यापासून ते इतकं बोललेच नव्हते.

जुन्या पुलीचा बोल्ट खोलताना इंजिनच फिरायला लागतं, म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून कुणालातरी आत बसून ब्रेक दाबून धरावा लागतो. ते काम कायम आईचं. गाडीला ती ‘माझी सवत’ म्हणायची, पण बाबा गाडीखाली शिरले की मांडीवर विणकाम घेऊन मुकाट ब्रेकवर पाय ठेवून बसायची.

आज तिच्या जागी मी बसले, तर माझे गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले.

“बाबा, आईने सीट किती पुढे ओढून ठेवलीय. मागे घेऊ का?”

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला.

“नको. असू दे तशीच. जरा अवघडून बस.”

दुपारपर्यंत पुल्या झकास बसल्या. मी इंजिन चालू केलं, तर आवाजही कसा मोकळा आला.

“बाबा, आता एक मस्त चक्कर मारून या.”



“त्यासाठी सीट मागे घ्यावी लागेल गं,” म्हणत बाबांनी गाडीवर पुन्हा कव्हर चढवलं.