फोटोपुरता

आम्ही जैन. घरात पाणीसुद्धा गाळून पितो, आणि आमचा अनेकांतदादा अंदमानात बोट भाड्यानं घेऊन मासे धरून आला. गडमुडशिंगीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं गोठ्यासमोरच वडिलांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. पाठीवर शिडासारखा पर उभारलेला, माणसाएवढा लांब सेलफिश जबड्यात गळ रुतून उसळ्या मारत होता, तोंडातून रक्त गळत होतं आणि बोटीवरचे सगळे टाळ्या पिटत होते.

"आण्णा, असं बघू नका की. जीव घेतला न्हाय त्याचा," दादा हसत म्हणाला. "दमवायचा, फोटोपुरता पाण्याबाहेर धरायचा आणि सोडून द्यायचा. नुसता खेळ असतोय. पहिला फोटो हलला, म्हणून परत एकदा धरायला लागला, एवढंच."

आण्णांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "आदिती, काढ गं फोटो," म्हणाले, आणि तालमीत कमावलेल्या हातानं दादाची मान धरून त्याचं तोंड म्हशींच्या हौदात दाबलं. काठावर आपटून नाक फुटलं होतं. पाणी लाल व्हायला लागलं. दादाचे पाय फरशीवर तडफडत होते, वर नुसते बुडबुडे येत होते.

"आण्णा, सोडा की त्याला! मरंल तो!" मी किंचाळले.

पकड जराही ढिली न करता आण्णांनी माझ्याकडं मान वळवली.



"सोडणारच हाय की. आधी बघ, फोटो हलला न्हाय न्हवं?"