कापलेली नळी

सोनाळ्याच्या जानरावांनी पिकात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक ठेवली होती. बंदुकीच्या दुकानदाराने तिची नळी कापून आखूड करून दिली, आणि पहिल्याच बाराला ती फुटली. जानरावांचा उजवा डोळा गेला.

दुकानदाराचे वकील अनंतराव कोर्टात एकाच प्रश्नावर अडून राहिले. "नळी कापल्यावर तिची पुन्हा चाचणी घ्यायलाच पाहिजे, असं कायद्यात स्पष्ट कुठं लिहिलंय?"

दुकानदार सुटला.

"मंग माहा डोळा कायच्यानं गेला?" बाहेर आल्यावर जानरावांनी बायकोला विचारलं. कलाबाईने नुसता त्यांचा हात धरला. पुढे पायरी होती.

मागून दुकानदार पेढे घेऊन वकिलांकडे आला. "साहेब, तुमच्या चिरंजीवांच्या, गंधारच्या रायफलीची नळी पण कापून झाली. उद्या घरी पाठवून देतो."

अनंतरावांनी पेढा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

 

"पाठवू नको. आधी चाचणी करून आण. पोराच्या हातात द्यायची आहे ती."